इंग्रजीतल्या 'चेक' या एकाच शब्दाला इतके वेगवेगळे अर्थ कसे?

तपासणं, बँकेचा चेक, चेक्सचा शर्ट आणि बुद्धिबळातला चेक हे चार निराळे शब्द आहेत का, असं तुम्ही विचारलंय. नाही, शब्द एकच, आणि तो मराठीतही आहे: शह.

फारसीत शाह म्हणजे राजा. राजावर मारा झाला की 'शाह!' म्हणून समोरच्याला सावध करायचं. अरबांकडून हा खेळ युरोपात गेला, तिथे जुन्या फ्रेंचमध्ये शाहचा 'एशेक' झाला आणि इंग्रजीत येताना पुढचा 'ए' गळला. खुद्द 'चेस' हे त्याच एशेकचं अनेकवचन. मी बरीच वर्षं ते 'चतुरंग'वरून आलं असं समजत होतो! खेळ चतुरंगातून आला खरा, पण इंग्रजी नाव राजावरून पडलं. 'चेकमेट' म्हणजे शाह मात. याचा अर्थ 'राजा मेला' असा सांगतात, पण 'मात'चा फारसीतला 'हतबल' हा अर्थ मला जास्त पटतो. पटावर राजाला कोणी मारत नाही, कोंडतात.

शह बसला की हातातले सगळे बेत सोडून आधी राजा वाचवावा लागतो. त्यातून चेकला अडवणं, आळा घालणं हा अर्थ आला. आळा घालायचा तर नजर ठेवायला हवी, म्हणून पुढे तपासणं. आपला शह मात्र काटशहापाशीच थांबला. शर्टाचे चौकोन सरळ पटावरून उचललेले.

बँकेचा चेक जरा वळणाने आला. अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये 'चेक' म्हणजे पावतीची स्थळप्रत, बनावट कागदाला आळा घालणारी. मग तो शब्द मूळ कागदालाच चिकटला. ब्रिटिश स्पेलिंगमधला 'क्यू' 'एक्सचेकर'च्या प्रभावाने आला. अमेरिकेत साधं स्पेलिंगच राहिलं. एक्सचेकर म्हणजे इंग्लंडच्या राजाचा खजिना. बाराव्या शतकात तिथे दहा फूट लांब, पाच फूट रुंद मेजावर रेघांचं कापड अंथरून त्यावर सोंगट्या सरकवत वसुलीचा हिशोब होई. मेज बुद्धिबळाच्या पटासारखं, म्हणून खात्याला पटाचं नाव पडलं. ब्रिटनचा अर्थमंत्री आजही 'चॅन्सेलर ऑफ द एक्सचेकर' म्हणवतो.

चेक प्रजासत्ताक मात्र यात धरू नका. ते त्या लोकांचं स्वतःचं स्लाव्ह नाव आहे, इंग्रजी स्पेलिंगही वेगळं. देवनागरीत दोन्ही सारखे दिसतात, एवढंच.