केप्रोब लागतो पण काउंट येत नाही? आधी ऑब्जडम्प बघा

प्रश्न असा आहे की ड्रायव्हरमधल्या एका स्टॅटिक (त्याच फाइलपुरत्या) फंक्शनवर बीपीएफट्रेस या ट्रेसिंग टूलने केप्रोब, म्हणजे ते फंक्शन चाललं की नोंद घेणारा सापळा, लावला, एरर काही आला नाही, पण कोड चालत असूनही काउंट जवळपास शून्य, मग अख्खा कर्नल इनलाइनिंग (फंक्शनचा कोड कॉल करणाऱ्याच्या आतच घालणं) बंद करून बिल्ड करावा का.

नका करू. आणि प्रोब लागला म्हणजे सगळे कॉल सापडणार, हे आधी डोक्यातून काढा. प्रोब बसतो त्या सिम्बॉलच्या, म्हणजे कंपाइल झालेल्या कोडमधल्या फंक्शनच्या नावाच्या, पत्त्यावर. जीसीसी कंपायलरने फंक्शनची बॉडी कॉलरच्या आतच ओतली असेल तर त्या पत्त्याकडे कोणी फिरकतच नाही. पूर्ण इनलाइन झालं तर निदान सिम्बॉलच गायब होतो आणि प्रोब तोंडावर एरर मारतो, ते परवडलं. अर्धवट इनलाइन झालं की खरा घोळ.

आमच्याकडे एका स्टोरेज ड्रायव्हरमध्ये हेच झालं होतं. रिक्वेस्ट संपली की हिशोब करणारं एक छोटं स्टॅटिक फंक्शन, त्याला दोन ठिकाणांहून कॉल, एक नेहमीच्या कम्प्लीशनमधून आणि एक टाइमआउट हँडलरमधून. ट्रेस लावला तर सगळे हिट टाइमआउटचेच, म्हणजे बघणाऱ्याला वाटावं की डिस्क मेलीय. आमच्या लीडने तर डिस्कवाल्यांना मेलसुद्धा टाकला की तुमचं फर्मवेअर बघा. मी म्हटलं अहो सर, इनलाइन झालं असेल, तर उत्तर काय, "आपण इनलाइन कीवर्ड लिहिलाच नाहीये, मग कसं होईल?" आता यावर काय बोलणार. ओ-टू या ऑप्टिमायझेशन लेव्हलला कंपायलर तुम्हाला विचारत बसत नाही, फंक्शन छोटं असेल किंवा स्टॅटिक असून एकाच जागी वापरलं असेल तर सरळ आत घेतो. मॉड्यूलचं ऑब्जडम्प (कंपाइल झालेल्या कोडची डिसअसेंब्ली दाखवणारं टूल) काढून समोर ठेवलं, सोर्समध्ये दोन कॉल आणि डिसअसेंब्लीत त्या नावाची कॉल इन्स्ट्रक्शन एकच, तीही टाइमआउटवाल्या अनलाइकली ब्रँचमध्ये, कारण क्वचित चालणाऱ्या कोल्ड पाथला कंपायलर साइज वाचवतो आणि सतत चालणाऱ्या हॉट पाथला बॉडी ओततो. तरी मीटिंगमध्ये "टूल बग आहे" असंच नोंदवलं गेलं!

टूलचा काही दोष नाही. बीसीसी या ट्रेसिंग टूलसंचातले बायोस्नूप, बायोटॉप असेच ब्लॉक लेयरच्या आतल्या फंक्शनवर केप्रोब लावून बसले होते, पुढे कर्नलमध्ये ती फंक्शनं बदलली, इनलाइन झाली आणि टूल्स मोडली, शेवटी 2023 मध्ये ब्लॉक आयओ स्टार्ट आणि डनचे वेगळे ट्रेसपॉइंट (कर्नलच्या कोडमध्येच मुद्दाम ठेवलेल्या ट्रेसिंगच्या जागा) घालावे लागले. म्हणून तुमच्या कामाचा ट्रेसपॉइंट असेल तर तोच धरा. नसेल तर परफ प्रोब वापरा, डीबग इन्फो असेल तर तो इनलाइन झालेल्या कॉपीसुद्धा शोधून प्रत्येक जागी प्रोब लावतो. आणि ड्रायव्हर तुमचाच असेल तर त्या एका फंक्शनला नोइनलाइन (इनलाइन करू नको, अशी कंपायलरला सूचना) लावा, विषय संपला.

हां, एक राहिलं. नोइनलाइन लावूनही नावाला डॉट इस्रा किंवा डॉट कॉन्स्टप्रॉप असं, कंपायलरने फंक्शन बदलल्याची खूण असलेलं, शेपूट लागू शकतं, तेव्हा कॅल्सिम्समध्ये (कर्नलच्या सिम्बॉलची यादी) बघून घ्या, आणि अशा वेळी आर्ग्युमेंट्सही जागेवर असतीलच असं नाही, आर्ग-झिरो (पहिलं आर्ग्युमेंट) डोळे मिटून छापू नका. शिवाय कर्नलच्या हेडरमध्ये इनलाइन या मॅक्रोतच नोट्रेस (ट्रेस करू नको, ही सूचना) घुसवलेलं आहे, त्यामुळे इनलाइन लिहिलेलं फंक्शन प्रत्यक्षात इनलाइन झालं नाही तरी एफट्रेस या कर्नलच्या फंक्शन ट्रेसरच्या यादीत दिसत नाही.

बाकी "नोइनलाइनने परफॉर्मन्स जाईल" असं आमच्या सरांसारखं कोणी म्हणालं तर त्यांना विचारा, एनव्हीएमई एसएसडीची एक रीड दहा-वीस मायक्रोसेकंदांच्या खाली क्वचितच येते, त्यात एका कॉलचे दोन-चार नॅनोसेकंद कुठे दिसणार? दर पॅकेटला दहादा चालणारं फंक्शन असेल तर गोष्ट वेगळी, तिथे मोजून मगच लावा.