वाचक विचारतात: कॉलेज फुटबॉलचं ऑनलाइन दालन आपल्याकडे पण होईल का?

या खेपेला मोबाइल स्लो झाला, पासवर्ड विसरला वगैरे नेहमीचे प्रश्न पुढच्या अंकात घेतो. टिळकवाडीतून एक लांबलचक पत्र आलंय आणि त्याच विषयाला चिकटून आणखी काही पत्रं होती, म्हणून सगळी एकत्रच घेतली.

प्रश्न: सर, आम्ही बेळगावात डिग्रीला आहोत, मित्रमित्रच. इंग्लिश विकिपीडियावर अमेरिकेच्या कॉलेज फुटबॉलचं आख्खं दालन आहे, एका पानावरून टीम, सीझन, कोच, स्टेडियम, ट्रॉफ्या सगळीकडे जाता येतं आणि हे सगळं लोकांनी फावल्या वेळात फुकट केलंय. ते बघून आम्हाला पण वाटायलंय की आपल्या इंटरकॉलेज फुटबॉलचं मराठीत असं काहीतरी करावं. एकजण म्हणतो आधी झकास मुखपान करू, लोक आपोआप येतील. दुसरा म्हणतो आधी अमेरिकेचंच मराठीत आणू. कुठून सुरू करायचं?
— मित्रमंडळी, टिळकवाडी

उत्तर: मुखपान सगळ्यात शेवटी करा. पाटी रंगवून दुकान उघडलं आणि आत माल नाही असं होतं नाहीतर. आणि हे मी मनचं सांगत नाही, इंग्लिश विकिपीडियावर हेच झालंय. २०१८ मध्ये तिथे प्रस्ताव आला की ही दालनं बंदच करून टाकू, कोण बघतंय त्यांना. तो काही पास झाला नाही, पण त्यानंतर काही उत्साही लोकांनी ऑटोमॅटिक पद्धतीने धडाधड नवी दालनं काढली आणि २०१९ मध्ये त्यातली हजारो उडवावी लागली, कारण ती काढली खरी पण सांभाळायला माणूसच नव्हतं.

तुम्हाला जे दिसतंय ते दालन, पण त्याच्या मागे जे चालतं त्याला विकिप्रकल्प म्हणतात, म्हणजे एका विषयावर काम करणाऱ्यांची जमलेली टोळी, आणि खरी करामत तिथे आहे. कॉलेज फुटबॉलवाल्यांनी काय केलं, तर एक टीम आणि एक सीझन म्हणजे एक लेख असा साचा धरला. त्या लेखात मॅचेसचा एक ठरलेला तक्ता असतो: तारीख, समोरची टीम, मैदान, निकाल, प्रेक्षक किती आणि ही माहिती कुठून घेतली. हा तक्ता एकदा साचा म्हणून बनवला की मग टेक्सासचा माणूस आणि ओहायोचा माणूस, ज्यांनी एकमेकांचं तोंड कधी बघितलेलं नाही, दोघं तेच रकाने भरतात आणि हजारो पानं एकसारखी दिसतात. कुठले लेख अजून नाहीत त्याच्या याद्या केलेल्या असतात, कुणीही यावं आणि एक नाव उचलावं. शिवाय प्रत्येक लेखाच्या चर्चापानावर दर्जाचा शिक्का असतो, अगदी दोन ओळींच्या लेखापासून एकदम उत्तम लेखापर्यंत, आणि ‘चांगला लेख’ हा शिक्का हवा असेल तर तपासणारा माणूस तो लेख लिहिणारा असून चालत नाही. कंटाळवाणं वाटतंय ना? पण याच कंटाळवाण्या कामावर ते दालन उभं आहे.

आता तुमचं. एकच स्पर्धा घ्या, एकच वर्ष घ्या आणि तेवढाच तक्ता पूर्ण करा. मराठी विकिपीडिया १ मे २००३ पासून आहे आणि त्यात सरावासाठी ‘धूळपाटी’ नावाची जागा आहे, तिथे बिनधास्त मोडतोड करा, कुणी ओरडत नाही. टायपिंगची सोय तिथेच आहे, रोमन अक्षरात मारलं तरी देवनागरी उमटते. अडलं तर ‘चावडी’वर, म्हणजे तिथल्या गप्पा-चर्चेच्या पानावर, विचारा.

पण तक्त्याला हात घालायच्या आधी एक गोष्ट नीट समजून घ्या, नाहीतर दोन वर्षांनी सगळं उसवत बसाल. आपल्याकडे ‘इंटरकॉलेज’ म्हणजे कुठल्या युनिव्हर्सिटीची इंटरकॉलेज हा पहिला प्रश्न आहे. राणी चन्नम्मा विद्यापीठ झालं २०१० मध्ये. त्याच्या आधी बेळगावची कॉलेजं धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठाखाली होती, ते १९४९ चं, आणि त्याच्याही आधी मुंबई विद्यापीठाखाली. म्हणजे कॉलेज तेच, मैदान पण कदाचित तेच, पण स्पर्धा वेगवेगळ्या. त्यात इंजिनिअरिंगवाले १९९८ पासून व्हीटीयू म्हणजे विश्वेश्वरय्या तंत्रविद्यापीठाकडे, त्यांची स्पर्धा अजून वेगळी, तर एकाच शहरात एकाच वर्षी दोन इंटरकॉलेज चॅम्पियन निघू शकतात आणि दोघं पण खरे. तेव्हा प्रत्येक तक्त्याच्या डोक्यावर विद्यापीठाचं नाव आणि वर्ष लिहायचंच. अमेरिकनांना पण हाच घोळ निस्तरावा लागला, तिकडे कॉलेजं एका कॉन्फरन्समधून, म्हणजे आपसात खेळणाऱ्या कॉलेजांच्या गटातून, उठून दुसरीत जातात, म्हणून सीझनवार लेख ही पद्धत त्यांना सोयीची पडली.

कामं वाटून घ्या. एकाने लायब्ररीत बसून जुने पेपर चाळायचे (हे सगळ्यात जड काम, त्याला चहा बाकीच्यांनी पाजायचा), एकाने तक्ते, आणि एकजण कन्नड चांगलं वाचणारा हवाच हवा. मराठी लेखाला संदर्भ मराठीच पाहिजे असं काही नाही, कन्नड पेपर चालतो, इंग्लिश चालतो. धारवाड-हुबळीच्या मॅचेसच्या बातम्या तुम्हाला मराठीत सापडायच्या नाहीत, कन्नडमध्ये सापडतील. उलट एखाद्या कन्नड मित्राला पण घ्या सोबत, कन्नड विकिपीडिया आहेच, आणि तारखा-आकडे विकिडेटावर, म्हणजे विकिपीडियाच्या सामाईक माहितीसाठ्यात, एकदा भरले की दोन्ही भाषांना वापरता येतात. सीमेवर राहण्याचा काहीतरी फायदा होऊ दे की.

प्रश्न: हे अमेरिकेतलं कॉलेज फुटबॉल म्हणजे नक्की काय प्रकार आहे? कॉलेजच्या पोरांच्या मॅचला एवढं काय?
— एक वाचक, खानापूर

उत्तर: आपण लेले मैदानावर किंवा कॅम्पात खेळतो तो हा फुटबॉल नव्हे. लांबट बॉल, हातात घेऊन पळायचं, समोरच्याला आडवा करायचा. पण गंमत बघा, पहिली कॉलेज मॅच जी मानतात ती ६ नोव्हेंबर १८६९ ची, रटगर्स आणि प्रिन्स्टन यांची, त्यात दोन्हीकडून २५-२५ जण होते आणि बॉल उचलून पळायला बंदी होती, म्हणजे आपल्याच फुटबॉलच्या जवळचा खेळ. रटगर्स ६-४ ने जिंकलं. पुढे येलच्या वॉल्टर कॅम्पने १८८० च्या सुमारास नियम बदलायला लावले, अकरा-अकरा खेळाडू, बॉल कुणाकडे हे ठरवायची रेषा वगैरे, आणि खेळ दुसरीकडेच गेला. एवढा दांडगा झाला की पोरं मरायला लागली. १९०५ मध्ये राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्टनी हार्वर्ड, येल, प्रिन्स्टनच्या लोकांना व्हाइट हाउसमध्ये बोलावून घेतलं. १९०६ मध्ये बॉल पुढे फेकायची परवानगी मिळाली म्हणजे ढकलाढकली कमी झाली, आणि त्याच घडामोडीतून कॉलेजच्या खेळांची जी संघटना झाली तिला १९१० पासून एनसीएए म्हणतात.

एवढं काय म्हणाल तर मिशिगनचं स्टेडियम बघा, १,०७,६०१ माणसं बसतात. २०११ च्या जनगणनेत बेळगाव शहर पाच लाखाच्या थोडं आतच होतं, म्हणजे शहरातला साधारण पाचातला एक माणूस त्या एका मैदानात. आणि हे कॉलेजचं मैदान! एनएफएल या तिकडच्या व्यावसायिक लीगमध्ये जाणारी पोरं बहुतेक याच मैदानांतून जातात. सव्वाशेहून जास्त टीम वरच्या गटातच, त्यातल्या बऱ्याच जणींची शंभरेक सीझन, त्यावरून अंदाज करा तिकडच्या स्वयंसेवकांपुढे केवढं काम आहे ते.

टिळकवाडीच्या मित्रांना जाता जाता: अमेरिकेचं सगळं मराठीत आणू नका. खेळाचे नियम, रोझ बाउल ही नामांकित मॅच, उत्कृष्ट खेळाडूला मिळणारी हाइजमन ट्रॉफी, असे मोजके लेख नीट लिहा. कुठल्यातरी कॉलेजचा १९३६ चा सीझन मराठीत कुणी वाचणार नाही आणि तेवढ्या वेळात तुमच्या स्पर्धेच्या चार वर्षांचे तक्ते भरून होतील.

प्रश्न: सगळ्यांना लिहायला दिलं तर भांडणं होत नाहीत का? आमच्याकडे तर शहराच्या नावावरूनच सुरुवात होईल.
— वडगाव, बेळगाव

उत्तर: होतात की! कॉलेज फुटबॉलमधलं सगळ्यात जुनं भांडण म्हणजे चॅम्पियन कोण. वरच्या गटाचा चॅम्पियन एनसीएए स्वतः जाहीर करतच नाही. पूर्वी पत्रकारांचा पोल वेगळा (एपी या वृत्तसंस्थेचा १९३६ पासून), कोचांचा वेगळा, शिवाय कुणाची काय गणितं. २००३ च्या सीझनला एलएसयूला (लुइझियानाचं विद्यापीठ) एका पद्धतीने चॅम्पियन ठरवलं आणि पत्रकारांनी यूएससीला (कॅलिफोर्नियातलं विद्यापीठ) दिलं, दोघांचे पाठीराखे अजून आपलंच खरं म्हणतात. २०१४ पासून प्लेऑफ, म्हणजे निवडक टीमची बाद फेरी, आला, आधी चार टीमचा, २०२४ पासून बारा टीमचा, त्यामुळे आताचं भांडण मिटल्यासारखं आहे पण मागची शंभर वर्षं आहेतच. लिहिणाऱ्यांनी तोडगा काय काढला तर कोण खरा हे आपण ठरवायचं नाही, कुणी कुणाला चॅम्पियन म्हटलं तेवढं नाव घेऊन लिहायचं आणि वाचणाऱ्यावर सोडायचं. हा तोडगा मला फार आवडतो, आपल्या पेठेतल्या वादांना पण लागू पडेल असा आहे, पण पेठेत ऐकणार कोण.

शहराच्या नावाचं तेच करा. १ नोव्हेंबर २०१४ पासून सरकारी नाव बेळगावी आहे हे वाक्य लेखात असू दे, त्याच्या आधीच्या मॅचेस जुन्या नावाने असू देत, आणि मराठी पेपर आजही बेळगाव छापतात तर मराठी लेखात बेळगाव लिहायला कुणाची हरकत असायचं कारण नाही. कुणी येऊन बदललंच तर तुम्ही परत बदला, तो परत बदलेल, हा खेळ सुरू करू नका. इंग्लिशवर चोवीस तासांत तीनपेक्षा जास्त वेळा असं केलं तर खातं ब्लॉक होऊ शकतं. चर्चापानावर या, आणि तिथेही मॅचचंच बोला.

प्रश्न: माझ्याकडे जुन्या पेपरची कात्रणं आणि टीमचे ग्रुप फोटो आहेत. मुलांना मोबाइलवर फोटो काढून चढवायला सांगू का?
— निवृत्त क्रीडाशिक्षक, निपाणी

उत्तर: सर, कात्रणं जपून ठेवा, सोन्यासारखी आहेत, पण चढवू नका. बातमीतली माहिती, म्हणजे कुठल्या तारखेला कोण किती गोलने जिंकलं, ती कुणाच्या मालकीची नसते. ती आपल्या शब्दांत लिहायची आणि खाली पेपरचं नाव, तारीख, पान द्यायचं. बातमीची वाक्यं आणि छापलेला फोटो मात्र त्या पेपरच्या किंवा लिहिणाऱ्याच्या हक्काचे. तेव्हा कात्रणाच्या कडेला तारीख नसेल तर आजच आठवून पेन्सिलीने लिहा, तारखेशिवायचं कात्रण संदर्भाला निम्म्यानेच उपयोगी.

ग्रुप फोटोचं थोडं किचकट आहे. फोटोत तुम्ही आहात म्हणून तो तुमचा होत नाही, साधारण ज्याने काढला त्याचा किंवा ज्याने पैसे देऊन काढून घेतला त्याचा. भारतात फोटोचा कॉपीराइट आधी प्रसिद्ध झाल्यापासून ६० वर्षं चालायचा, २०१२ च्या दुरुस्तीपासून काढणाऱ्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं चालतो, त्यामुळे खरोखर जुने असतील तर मार्ग निघतो, पण विकिमीडिया कॉमन्सवर, म्हणजे विकिपीडियाचे फोटो जिथे ठेवतात तिथे, अमेरिकेचा कायदा पण बघतात, तिथे विचारून मगच चढवा. बाकीच्यांसाठी स्टुडिओवाल्याच्या घरच्यांना गाठा आणि लेखी परवानगी घ्या. ती परवानगी ‘विकिपीडियाला वापरू दे’ अशी नको, ‘कुणीही वापरावा, नाव द्यावं’ अशी लागते, इथेच बरेच जण बिचकतात आणि ते साहजिक आहे, आग्रह धरू नका. आणि हो, आत्ता शाळेत खेळणाऱ्या पोरांच्या जन्मतारखा, पत्ते, नंबर यातलं काहीही टाकायचं नाही, निकाल पुरे.

प्रश्न: आमच्या कॉलेजच्या टीमवर लेख लिहिला तर उडवतात असं ऐकलंय, खरं का?
— चिकोडी

उत्तर: ‘झुंजार खेळाडूंची अजिंक्य टीम’ असं लिहिलं तर उडणारच, आणि उडावं पण. टीमबद्दल कॉलेजच्या बाहेरच्या कुणीतरी, म्हणजे पेपरने, पुस्तकाने, सविस्तर लिहिलेलं असेल तर लेख टिकतो. कॉलेजचा वार्षिकांक तारीख-नाव पडताळायला चालतो पण टीम महत्त्वाची आहे हे दाखवायला चालत नाही, तो घरचाच. तेवढं सापडत नसेल तर वेगळा लेख नको, स्पर्धेच्या लेखातल्या तक्त्यात टीमचं नाव येऊ दे. आणि स्वतः टीममध्ये असाल तर चर्चापानावर तसं सांगून दुसऱ्याला लिहायला द्या.

प्रश्न: तिकडच्या कॉलेज फुटबॉलवाल्या स्वयंसेवकांना साच्याबद्दल विचारायचं असेल तर ऑनलाइन कधी गाठायचं?
— मित्रमंडळी, टिळकवाडी (ताजा कलम)

उत्तर: गाठायला नको, प्रकल्पाच्या चर्चापानावर लिहून ठेवा, ज्याला जमेल तो उत्तर देतो, इंग्लिश मोडकंतोडकं असलं तरी कुणी हसत नाही. साचा कॉपी करायला तर परवानगी पण लागत नाही, फक्त कुठून आणला ते बदलाच्या नोंदीत लिहा. एवढंच बघा की सीझन ऑगस्टच्या शेवटापासून जानेवारीपर्यंत असतो आणि मॅचेस मुख्यतः शनिवारी. तिकडे पूर्व किनाऱ्यावर दुपारचे बारा म्हणजे आपल्याकडे रात्रीचे साडेनऊ, नोव्हेंबरात घड्याळं बदलली की साडेदहा, तिथून रविवार सकाळपर्यंत ती सगळी मंडळी स्कोअर भरण्यात गुंतलेली असतात. सोमवारी विचारा.