पिशवी लागली म्हणजे कॅन्सरच का?

पोटावर शौचाची पिशवी लागली की घरचे मला बाजूला घेऊन दबक्या आवाजात विचारतात, "मॅडम, कॅन्सर आहे ना? आमच्यापासून लपवलंय ना?" ठाण्यातल्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात हे इतकं ऐकलंय की आता लिहूनच काढते.

दिव्यात राहणारे एक काका. (ओळख बदलली आहे.) मोठ्या आतड्याला पीळ पडून तो भाग काळा पडला होता. रात्रीच ऑपरेशन झालं, खराब भाग काढून वरचं टोक पोटावर आणलं आणि त्यावर पिशवी लावली. डॉक्टरांनी सांगितलं होतं, पण तेव्हा काका कळवळत होते आणि सही मुलाने केली. शुद्धीवर आल्यावर काकांना शेजारच्या कॉटवरच्या पेशंटच्या पोटावरही पिशवी दिसली. त्याला गुदाशयाचा कॅन्सर होता. काकांनी तेच निदान स्वतःला लावून घेतलं आणि जेवण तोडलं.

मी धीर दिला नाही. समज चुकीचा असेल तर धीर वरच्यावर राहतो, असं माझं मत आहे.

"काका, पिशवी आणखी कुणाला बघितलीत?"

"खाली एक तान्हं बाळ होतं."

"त्याला कॅन्सर?"

"छे! त्याला शीची जागाच नव्हती जन्मापासून. आजी सांगत होती त्याची."

"आणि कोपऱ्यातला तो पोरगा?"

"तो गाडीतून पडला. खालची जखम भरेपर्यंत ठेवलीय म्हणे."

बराच वेळ गप्प. मग, "मग माझं कशामुळे?"

याच प्रश्नाची मी वाट बघत होते. तोवर काका लपवाछपवी शोधत होते, कारण विचारतच नव्हते. हा प्रश्न मी त्यांच्या तोंडात घातला असता तर उत्तरावरही त्यांनी संशयच घेतला असता. दुसऱ्या दिवशी राउंडला त्यांनी स्वतः विचारलं. निवासी डॉक्टरने कागदावर आतडं काढून पीळ दाखवला. काढलेला तुकडा तपासणीला गेला होता, त्यात कॅन्सर नव्हता.

आतडं अडणं, फुटणं, पीळ, अपघात, जन्मदोष, आणि हो, कॅन्सरही. पिशवीमागे यातलं काहीही असू शकतं. म्हणून डिस्चार्जआधी विचारून घ्या: आमची कशामुळे, तात्पुरती की कायमची, आतडं पुन्हा जोडायचं तर साधारण कधी? कॅन्सर अगदी गुदद्वारालगत असेल तर ती बहुधा कायमची असते. पीळ किंवा जखमेसाठी केलेली अनेकदा काही महिन्यांनी बंद करता येते. पोटावरचं तोंड लाल, ओलसर असावं. काळपट दिसलं तर थांबू नका, लगेच दाखवा. पिशवी भरेल म्हणून उपाशी राहू नका.

काकांचा पुढचा प्रश्न, "तोवर भजनाला बसलं तर चालेल?" नीट चिकटवली आणि फार भरण्याआधी रिकामी केली तर वास येत नाही. बसा म्हटलं, फक्त डॉक्टर हो म्हणेपर्यंत पखवाज उचलू नका.