ड्रिल मशीन जरा बाजूला ठेव

भावा, नवी कयाक (वल्ह्याची अरुंद होडी) आली म्हणून मासेमारीचं सामान बसवायला लगेच भोकं पाडत बसू नकोस. आधी हिडकल धरणाच्या पाण्यात नुसती फिरव. वल्हं मारताना हात कुठवर जातो ते बघ, खडूनं खुणा कर. बाजूला ट्रॅक (सामान अडकवायची खाचेची पट्टी) असेल तर त्यात टी-बोल्ट सरकवायचा, नॉब आवळायचा, झालं. फिशफाइंडरला, म्हणजे पाण्यातले मासे दाखवणाऱ्या यंत्राला, एक इंचाचा बॉल माउंट (गोळ्यावर फिरणारा स्टँड) पुरतो. गळाची काठी धरणाऱ्या रॉड होल्डरचं मात्र वेगळं. मोठा कटला ओढायला लागला की सगळा जोर होल्डरच्या बुडाच्या स्क्रूंवर येतो. तिथं आतून जाड पट्टी, वॉशर, नायलॉक नट (सहज ढिला न होणारा) आणि मरीन सीलंट हवंच. आत हात पोचत नसेल तर वेल-नट (बाहेरून आवळला की आत फुगणारा रबरी नट). चिकटवायचे माउंट कयाकच्या पॉलिथिलीन प्लास्टिकवर फारसे धरत नाहीत, दुकानदार काही का सांगेना. आणि रॉडला दोरी बांध की! धरणात गेलेला रॉड कोण काढणार?