तिसऱ्या भागात आजी कुठे गेली?

चि. लेखिकेस अनेक आशीर्वाद.

तुझ्या कादंबरीच्या तिसऱ्या, शेवटच्या भागाचा आराखडा पोचला. तो वाचून झाल्यावर पहिल्या दोन भागांची बाडंही पुन्हा काढली. बाकीचं बोलण्याआधी एक विचारते, कारण पुढचं सगळं त्यावरच उभं आहे. आजी कुठे गेली?

पहिल्या भागाच्या पहिल्याच प्रकरणात तुझी नायिका उधाणाच्या रात्री बांधाबाहेरच्या गावात शिरते ती आजीला आणायला. सेक्टरचा पास तिच्याकडून जातो तो त्याच रात्री. पुढे दोन भाग तिच्यावर जे जे गुदरतं, त्याचं मूळ तिथे आहे. आणि आता, शेवटच्या भागाच्या अख्ख्या आराखड्यात आजीचा उल्लेखही नाही. तिच्याऐवजी मुख्यालयाखालची प्रयोगशाळा आहे, समुद्रापलीकडून सूत्रं हलवणारं गुप्त मंडळ आहे, आणि ते मंडळ का स्थापन झालं हे सांगणारी तीन प्रकरणं आहेत. हे वाचकाने तुझ्याकडे मागितलेलं नाही. पहिल्या रात्रीपासून त्याचा जीव आजीत अडकलाय.

‘हंगर गेम्स’ मालिकेतलं तुझं लाडकं ‘मॉकिंगजे’ या नजरेने पुन्हा वाच. सुझन कॉलिन्स यांनी 2008 मध्ये मालिका सुरू केली ती एका बहिणीपासून. मुलांनी एकमेकांना मारायच्या खेळासाठी धाकट्या प्रिमचं नाव निघतं आणि मोठी बहीण कॅटनिस तिच्या जागी पुढे होते. 2010 मध्ये आलेल्या या तिसऱ्या पुस्तकात ती प्रिमच जाते. कशी जाते ते बघ. मुलांच्या घोळक्यात आधी एक स्फोट होतो, जखमींना उचलायला शुश्रूषा करणारे धावतात, मग दुसरा होतो. धावणाऱ्यांत प्रिम असते. मदतीला येणाऱ्यांनाच गाठायचा हा डाव बंडखोरांच्या बाजूला, कॅटनिसच्या बालमित्राच्या, गेलच्या डोक्यात शिजलेला असतो. ते बॉम्ब नेमके कोणाचे, हे त्यालाही छातीठोकपणे सांगता येत नाही, आणि तेवढ्याने दोघांतलं सगळं संपतं. पहिल्या पुस्तकात जिच्यासाठी पाऊल उचललं, तिचा हिशेब तिसऱ्यात द्यायचा. कॉलिन्स तो देतात, आणि वाचकाला रडवायचं म्हणून देत नाहीत. युद्धाची रीत एकदा उचलली की ती आपली-परकी माणसं ओळखत नाही, हे त्यांना सांगायचंय.

‘डायव्हर्जंट’ मालिकेतल्या शेवटच्या पुस्तकाबद्दल, ‘अलीजंट’बद्दल तू रागाने लिहिलंयस. नायिका ट्रिस मरते हे तुला मान्य नाही. मला तिचं मरण पटतं. तिचे आईवडील पहिल्याच पुस्तकात तिच्यासाठी जीव देतात, आणि शेवटी ती भावाच्या जागी जाते. त्या शेवटाचं बी वेरॉनिका रॉथ यांनी 2011 मध्येच पेरलेलं होतं. मला खटकतं ते दुसरंच. शहराबाहेरचं खातं, जनुकांचा प्रयोग, शुद्ध आणि सदोष माणसं, हा सगळा उलगडा तिसऱ्या पुस्तकात एकदम अंगावर येतो आणि माणसं त्या माहितीखाली दबून जातात. तुझं गुप्त मंडळ त्याच वाटेने निघालंय. ते काढून टाक. प्रशासक वाईट का झाला याचं उत्तर तुझ्या शहरातच सापडलं पाहिजे.

आता उघाडीचा प्रसंग. भर उधाणात नायिका बांधाच्या उघाड्या, म्हणजे पाण्याची दारं, फोडते, पाणी मुख्यालयात शिरतं, प्रशासक बुडतो, लोक जल्लोष करतात. दोन पानं. अगं, तू वाशीत वाढलीस. आपले होल्डिंग पाँड, म्हणजे खाडीकाठचे पाणी साठवायचे तलाव, कशासाठी आहेत हे तुला मी सांगायला नको. भरतीला दारं मिटतात म्हणून खाडी आत येत नाही, ओहोटीला उघडतात म्हणून साचलेलं पाणी जातं. खारबंदिस्तीला, म्हणजे खाडीच्या बांधाला, खांड पडली की पाणी आधी सखल जागा धरतं. तुझ्याच नकाशात भराव टाकलेले सेक्टर उंचावर आहेत आणि गावठाण खाली. म्हणजे मुख्यालयाची पायरी भिजण्याआधी आजीचं घर बुडणार! तू हे लिहिलेलं नाहीस, पण तुझ्या नकाशाने ते केव्हाच ठरवून ठेवलंय. नायिकेला हे उघाडी फोडण्याआधी कळतं की नंतर? कळूनही ती फोडते का? तुझा तिसरा भाग मला इथे दिसतो. या दोन पानांची निदान साठ होऊ देत.

दुसऱ्या दिवशी सकाळी उघाड्यांच्या किल्ल्या कोणाकडे जातात, हेही लिही. बंडाचा म्होरक्या तुझ्या आराखड्यात एकदाही चुकत नाही, याची मला धास्ती वाटते. कॉलिन्स यांच्या बंडखोरांची प्रमुख कॉइन जिंकल्यावर पहिल्यांदा काय सुचवते आठव: कॅपिटॉलच्या मुलांना घेऊन एकदा तोच खेळ खेळवूया. कॅटनिसचा बाण मग कोणाकडे वळतो ते तुला तोंडपाठ आहे.

जिंकल्यानंतरचं कसं लिहायचं, असं तू विचारलंस. त्यासाठी परदेशी पुस्तकांत फार शोधू नकोस. मार्च 1970 मध्ये नवी मुंबई वसवायला सिडको ही सरकारी कंपनी स्थापन झाली आणि 95 गावांच्या जमिनींवर तुझं-माझं हे शहर उभं राहिलं. जानेवारी 1984 मध्ये दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली शेतकरी उठले. उरण तालुक्यात गोळीबार झाला, पाच जण गेले. त्या लढ्यातून घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याचं तत्त्व आलं. ते कागदावरून भूखंडापर्यंत पोचायला किती वर्षं गेली, कोणाचा भूखंड कुठे निघाला, कोणी तो कधी विकून टाकला, परवानगीविना गरजेपोटी बांधलेल्या घरांचं पुढे काय झालं, हे गावठाणातल्या म्हाताऱ्या माणसांना विचार. वही घेऊन जा, पण आधी नुसतं ऐक. त्यांचं दुःख उचलून आपल्या पात्राला नेसवू नकोस. विजयानंतर माणसं काय बोलतात, कशावरून भांडतात, कोणाचं नाव घेताना थांबतात, एवढं कानावर पडू दे. तुझ्या शेवटच्या पन्नास पानांना त्याची गरज आहे.

लढाईचे प्रसंग तुला छान जमतात, त्यावर मी काही बोलत नाही. प्रेमाचा त्रिकोण मात्र दुसऱ्या भागातच संपलाय, त्याला पुन्हा उठवू नकोस.

आणि घाई नको. कॉलिन्स यांची तीन पुस्तकं लागोपाठच्या तीन वर्षांत आली, म्हणून तुझीही तशीच यावीत असा नियम नाही. बारावीचं वर्ष आहे, परीक्षा होऊ दे.

तोवर एकच प्रकरण लिही, आजी आणि उघाडी यांचं. मे महिन्यात ठाण्याला ये. मराठी ग्रंथसंग्रहालयात मी संध्याकाळी असतेच. तिथे किंवा घरी बसून ते मोठ्याने वाचू. येताना तो नकाशा आठवणीने आण, मला गावठाणातल्या वाटा नीट बघायच्यात.

तुझ्या
बाई