प्रश्न तुमचे, उत्तर आमचे : साप्पोरोला जाण्यासाठी जमीन विकावी का?

प्रश्न : मी परभणीच्या कृषी विद्यापीठातून यंदा चार वर्षांची कृषी पदवी घेतली. जपानमधील साप्पोरो येथील होक्काइदो विद्यापीठात मृदाशास्त्राचे पदव्युत्तर शिक्षण घेण्याची इच्छा आहे. एक एजंट प्रवेशाची हमी देऊन साडेचार लाख रुपये मागतो आणि पुढचा खर्च तिथे काम करून निघेल म्हणतो. वडील दोन एकर विकायला तयार आहेत. काय करावे?
– एक वाचक, सेलू (जि. परभणी)

उत्तर : जमीन विकू नका आणि एजंटाला एक रुपयाही देऊ नका. जपानमध्ये संशोधनाधारित पदव्युत्तर प्रवेशाची किल्ली मार्गदर्शक प्राध्यापकांच्या हाती असते. त्यांची संमती कोणी विकत आणून देऊ शकत नाही, ती तुमच्या पत्राने आणि संशोधन आराखड्यानेच मिळते. शाळेपासून पदवीपर्यंत तुमची सोळा वर्षे पूर्ण झाली आहेत, त्यामुळे पात्रतेचा मोठा अडसर नाही.

‘काम करून खर्च निघेल’ हे आश्वासन मला सर्वांत घातक वाटते. विद्यार्थी व्हिसावर कामासाठी वेगळी परवानगी लागते आणि सत्र चालू असताना आठवड्याला २८ तासांचीच मर्यादा असते. राष्ट्रीय विद्यापीठांची प्रमाणित फी वर्षाला ५,३५,८०० येन आणि प्रवेश शुल्क २,८२,००० येन आहे. हे सगळे रात्रपाळीच्या कमाईतून भरणारा विद्यार्थी प्रयोगशाळेत सकाळी कोणत्या डोक्याने उभा राहील?

तुमच्यासारख्याचा रस्ता जपान सरकारच्या ‘मेक्स्ट’ शिष्यवृत्तीचा आहे. तीत फी, विमानभाडे आणि दरमहा निर्वाहभत्ता मिळतो. एक अर्ज जपानी दूतावासामार्फत होतो, दुसरा विद्यापीठाच्या शिफारशीने. दूतावासाच्या मार्गात कागदपत्रांची छाननी, लेखी परीक्षा व मुलाखत असते आणि अर्जापासून प्रस्थानापर्यंत साधारण वर्ष जाते, हे वडिलांना आधीच सांगून ठेवा.

आता आराखडा. उन्हाळ्यात तुमच्या रानातल्या काळ्या मातीला पडणाऱ्या भेगांत कोपरापर्यंत हात जातो आणि पहिल्या पावसात तीच माती फुगून पायाला चिकटते. हा अनुभव तिथल्या अर्जदारांपैकी फार थोड्यांकडे असेल. आपली काळी माती बेसॉल्टपासून बनलेली, तर साप्पोरो ज्यावर आहे त्या होक्काइदो बेटाच्या बऱ्याच भागात ज्वालामुखीच्या राखेची माती आहे. दोन्हींचे मूळ ज्वालामुखीत, पण पाणी व स्फुरद धरून ठेवण्याची रीत निराळी. या फरकातून एकच नेमका प्रश्न निवडा, संबंधित प्राध्यापकांचे दोन-तीन शोधनिबंध खरोखर वाचा आणि मगच एका पानाचे इंग्रजी पत्र लिहा. एकच मजकूर तीस जणांना पाठवलेला चटकन ओळखू येतो.

प्रयोगशाळेत इंग्रजी चालू शकते. मात्र भाड्याची खोली, दवाखाना आणि वॉर्ड ऑफिस यांसाठी जपानी हवीच. जपानी भाषा प्राविण्य परीक्षा जुलै व डिसेंबरमध्ये पुण्यात होते. डिसेंबरमध्ये तिची सर्वांत सोपी पातळी, म्हणजे एन-५, द्या. तिचा अभ्यास सेलूत बसूनही होतो.