विचारा की, काका! : भुताच्या हॉटेलात मुक्काम

गेल्या अंकात घाटातल्या जुन्या डाकबंगल्यांवर लिहिलं आणि या महिन्याच्या टपालात निम्मी भुतंच आली. बरं झालं. माझा सगळा जन्म हॉटेलच्या काउंटरमागं गेला, त्यातली बरीच वर्षं नाइट ड्यूटीत. त्यामुळं या विषयावर तोंड उघडायचा थोडा हक्क आहे.

दिवाळीनंतर आम्ही दोघं आणि कॉलेजातली मुलगी, भुताटकीसाठी नाव असलेल्या एखाद्या जुन्या हॉटेलात राहायचं म्हणतोय. खरंच राहता येतं अशी कुठली आहेत? सासूबाई आत्तापासूनच जोतिबाचा गुलाल पुडीत बांधून ठेवतायत. (राजारामपुरी, कोल्हापूर)

गुलाल घ्या, नाही म्हणू नका. पर्समध्ये जागा ती किती लागणार, आणि घरातली कटकट मिटते.

माझं पहिलं मत मसुरीच्या सॅव्हॉयला. लिंकन नावाच्या लखनौच्या एका बॅरिस्टरानं बांधलेलं हे हॉटेल १९०२ साली उघडलं. मोटारीचा रस्ता नव्हता, तेव्हा पियानो आणि बिलियर्डची टेबलं बैलगाड्यांतून डोंगरावर चढवली होती. आता ते आयटीसीच्या वेलकमहॉटेल साखळीत आहे, म्हणजे खोली, जेवण, गरम पाणी याची काळजी नको.

इथली गोष्ट मात्र ऐकीव नाही. १९११ साली फ्रान्सिस गार्नेट-ऑर्म नावाची इंग्रज बाई इथल्या खोलीत मेलेली सापडली. दार आतून बंद. तपासात निघालं प्रुसिक ॲसिड, म्हणजे सायनाइडच्या जातीचं जहाल विष. बाईला मृतात्म्यांशी बोलायचा नाद होता. तिची सोबतीण इव्हा माउंटस्टीफन हीसुद्धा त्याच पंथातली, पण बाई गेली तेव्हा ती मसुरीत नव्हती, लखनौला निघून गेली होती. तरी खटला तिच्यावरच भरला. अलाहाबादला चालला आणि ती निर्दोष सुटली. मग विष दिलं कुणी? उत्तर आजतागायत नाही. बाईच्या येरझाऱ्या रात्री ऐकू येतात असं लोक म्हणतात. मला विचाराल तर येरझाऱ्यांपेक्षा ती केस भारी. मुलीला आधी केस वाचायला लावा, मग हॉटेल दाखवा.

एक मात्र करा. "ती खोली कुठली?" म्हणून रिसेप्शनवर हुज्जत घालू नका. असं कुणी विचारलं की आम्ही काउंटरवाले जी खोली खपत नसते तिचाच नंबर सांगतो.

दुसरं कोट्याचं ब्रिजराज भवन, चंबळेच्या काठावर. ही मूळची इंग्रज रेसिडेन्सी, म्हणजे संस्थानावर नेमलेल्या इंग्रज अधिकाऱ्याचं राहायचं ठिकाण. १८५७ च्या ऑक्टोबरात कोट्याच्या फौजेनं बंड केलं, तेव्हा मेजर चार्ल्स बर्टन आणि त्याचे दोन मुलगे इथं मारले गेले. पुढं वाडा कोट्याच्या राजघराण्याकडं आला आणि कालांतरानं त्याचं हॉटेल झालं. मेजरसाहेब अजून रात्री फिरतात म्हणे, पण पाहुण्यांच्या वाटेला जात नाहीत. पहाऱ्यावर डुलकी काढणाऱ्या वॉचमनच्या तेवढी कानाखाली वाजवतात! ही गोष्ट पहिल्यांदा कुणी सोडली असेल, त्याबद्दल माझा संशय सरळ मॅनेजरवर आहे. पहाटे तीन वाजता गेटवरच्या माणसाला जागं ठेवायचं म्हणजे काय असतं, ते आम्हाला विचारा. फुकटात गस्त घालणारा मेजर मिळाला तर कोण सोडेल? जायला सोपं आहे. महालक्ष्मी एक्सप्रेसनं मुंबई, तिथून दिल्लीची राजधानी कोट्याला थांबते. खोली मिळेल ना, हे फोनवर पक्कं करूनच तिकीट काढा.

तिसरं कालिम्पाँगचं मॉर्गन हाउस. तागाच्या व्यापारातल्या मॉर्गन नावाच्या साहेबाचा १९३० च्या दशकातला दगडी बंगला, आता पश्चिम बंगाल सरकारच्या पर्यटन खात्याकडं. मॉर्गनबाईच्या उंच टाचांचा आवाज येतो ही तिथली ख्याती. भिंतींवर वेल, समोर धुकं, आकाश मोकळं झालं तर कांचनगंगा. पण सरकारी खोल्या मोजक्याच, आणि कोल्हापूरहून लांब पडतं. तिघांनी आठवडाभराच्या सुट्टीत हे करू नये.

कोकणात एका जुन्या कौलारू बंगल्यात उतरलो होतो. रात्री दोनला डोक्यावर कुणीतरी चालत होतं, मग जिन्यावरून पावलं उतरली, मग भिंतीत ठोके. मिस्टर घोरत होते, मी पहाटेपर्यंत बसून. काय असेल? (इचलकरंजी)

ताई, तीन आवाज म्हणजे बहुतेक तीन वेगळी मंडळी.

डोक्यावर चालत होतं ते उदमांजर. कोकणात कांडेचोर म्हणतात. कौलं आणि छताच्या फळ्या यांच्यामधला माळा ही त्याची हक्काची जागा. दिवसभर झोपतं, रात्री बाहेर पडतं. वजन तीन-चार किलो, त्यामुळं उंदरासारखी खुडबुड होत नाही, माणसासारखा धीमा, थांबत थांबत पाय पडतो. एका थंड हवेच्या ठिकाणी मी नोकरीला होतो, तिथं अशाच तक्रारीवरून सकाळी बॅटरी घेऊन माळ्यावर चढलो. तुळईवर एका ठराविक जागी विष्ठेचा ढीग, त्यात उंबराच्या आणि जांभळाच्या बिया अख्ख्याच्या अख्ख्या. धुळीत पंजे उमटलेले. पाहुण्यांना वर बोलावून दाखवलं, तर त्यांचा चेहराच पडला. भूत असतं तर गावाकडं जाऊन सांगायला काहीतरी झालं असतं!

जिन्यावरची पावलं म्हणजे लाकूड. दिवसा माणसांच्या वजनानं आणि उन्हानं पायऱ्या ताणलेल्या असतात, रात्री गारठल्या की खाचा आणि खिळे पूर्वपदावर येतात. एकामागून एक पायरी करकरली की कुणीतरी उतरल्यासारखंच वाटतं. आणि भिंतीतले ठोके पाण्याचे. मोटर बंद झाली किंवा कुणी नळ झटक्यात फिरवला की पाइपातलं पाणी एकदम अडतं आणि दणका देतं. पाइप भिंतीला नीट आवळलेला नसेल तर सगळ्या खोलीला ऐकू जातो.

कधी छतातून फिसफिस आवाज आला, कुणी दात-ओठ खाऊन श्वास टाकतंय असा, तर गव्हाणी घुबडाची पिल्लं भुकेली आहेत समजा. त्या आवाजाला मात्र मीसुद्धा दचकतो.

पुढच्या वेळी बुकिंग करताना वरच्या मजल्याची, जिन्याशेजारची आणि टाकीखालची खोली नको म्हणून सांगा.

काका, रंकाळ्याकाठचा शालिनी पॅलेस बंद आहे ना? आत काहीतरी आहे म्हणतात. आम्ही मित्र अमावास्येला रात्री जाऊन रील काढणार आहे. नाद खुळा होईल! (शिवाजी विद्यापीठ परिसर)

नाद करा भावा, पण दुसऱ्याच्या कंपाउंडात नको. ती खासगी मालमत्ता. पोलिसांनी उचललं तर रील तेच काढतील.

१९३१ ते १९३४ या काळात बांधलेली ही वास्तू, राजकन्या शालिनीराजेंच्या नावानं. काळा दगड, इटालियन संगमरवर, समोर तळं. १९८७ मध्ये तिचं हॉटेल झालं, आणि कोल्हापुरातली कितीतरी लग्नं, कितीतरी साहेबलोकांचे मुक्काम तिथं झाले. हॉटेल बंद पडलं, दिवे गेले, आणि लोकांच्या तोंडी 'आत काहीतरी' आलं. दिवे लागलेले होते तेव्हा कुणाला काही दिसलं नाही, हे लक्षात घ्या. आपल्या गावातला कुठलाही वाडा चार पावसाळे कुलपात ठेवा, पाचव्या वर्षी त्याला बाई चिकटतेच, आणि ती कायम पांढऱ्या साडीत. रंग बदलायचा कंटाळा.

रील काढायचंच तर संध्याकाळी रंकाळ्याच्या काठावरून काढा. उजेड मावळताना ती इमारत पाण्यात दिसते, आणि जवळच भेळही मिळते.

मुंबईचं ताज उलटं बांधलं गेलं म्हणून आर्किटेक्टनं जीव दिला आणि तो अजून तिथं फिरतो, हे खरं का? (जयसिंगपूर)

नाही. ताजचा आराखडा सीताराम खंडेराव वैद्य आणि डी. एन. मिर्झा यांचा. वैद्य काम अर्ध्यात असताना वारले आणि डब्ल्यू. ए. चेंबर्स या इंग्रजानं ते पुरं केलं. डिसेंबर १९०३ मध्ये हॉटेल उघडलं. मूळ दार शहराच्या बाजूला ठेवलेलं, गाड्या तिकडून यायच्या. आज आपण गेटवेकडं पाठ करून ताज बघतो म्हणून ते उलटं वाटतं, पण गेटवे पुरा झाला १९२४ साली. तेव्हा तो नव्हताच. आणि या गोष्टीत मराठी वैद्यांचं नाव गळून साहेब तेवढा उरला, हे मला भुतापेक्षा जास्त टोचतं.

अशीच एक गोष्ट आपल्या दारात आहे. कोल्हापूरच्या न्यू पॅलेसचा आराखडा मेजर चार्ल्स मँटचा. काम १८७७ ला सुरू, १८८४ ला पुरं. त्याच मँटनं बडोद्याचा लक्ष्मीविलास आखला, पण गणित चुकलंय, इमारत कोसळणार, या धास्तीनं त्याला वेड लागलं आणि त्यानं जीव दिला असं सांगतात. १८८१ मध्ये तो गेला एवढं खरं. काम चिझम नावाच्या दुसऱ्या आर्किटेक्टनं १८९० पर्यंत पुरं केलं, आणि लक्ष्मीविलास आजही ताठ उभा आहे. आर्किटेक्टच्या आत्महत्येची ही कथा जगभरच्या मोठ्या इमारतींना चिकटलेली असते, त्यात आपल्या साहेबाचाही नंबर लागला.

मुलगा अमेरिकेत डेन्व्हरला असतो. तो आम्हाला एस्टेस पार्कच्या स्टॅन्ली हॉटेलात नेणार म्हणतोय. आम्ही दोघंही साठीपुढचे. जावं का? (शाहूपुरी, कोल्हापूर)

जावं. १९०९ चं हॉटेल, स्टॅन्ली नावाच्या मोटार-कारखानदाराचं. १९११ मध्ये तिथं गॅस साठून स्फोट झाला आणि एक मोलकरीण जखमी झाली, पण ती वाचली. पुढं १९७४ मध्ये एक मोठा भयकथालेखक २१७ नंबरच्या खोलीत उतरला आणि त्याला भुताटकीच्या हॉटेलाची कादंबरी सुचली. तेव्हापासून त्या खोलीसाठी झुंबड असते. त्या नादाला लागू नका. हॉटेल बघायची तिकीट लावलेली फेरी असते, तेवढी पुरे.

भुतापेक्षा उंची सांभाळा. गाव साडेसात हजार फुटांवर आहे, महाबळेश्वरच्या दीडपटीहून जास्त. पोचल्या दिवशी फिरणं कमी, पाणी भरपूर. बीपीच्या गोळ्या चालू असतील तर निघण्याआधी डॉक्टरांना विचारून घ्या, आणि स्वेटर मोठ्या बॅगेत नको, हातातल्या पिशवीत ठेवा.